आधी चेसिस, मग रंग!

होस्टेलवर कुणी घरची जुनी बुलेट नाहीतर जीप नीट करायचा विषय काढला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कलर कुठला मारणार?" दुसरा प्रश्न, "टायर कुठले टाकणार?" आणि तिसरा, "फोटो कधी दाखवणार?" चेसिसचं काय, असं विचारणारा मला तरी आजवर भेटलेला नाही. दीड वर्षापूर्वीपर्यंत मीही विचारलं नसतं. मेकॅनिकलचा विद्यार्थी असूनसुद्धा!

पण गेल्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत एका मिलिटरी जीपच्या चेसिसवरून माझं एका मिस्त्रींशी, एका आजोबांशी आणि माझ्या स्वतःच्या रूममेटशी भांडण झालं. त्या भांडणातून माझं एक मत बनलं. ते असं, की जुन्या गाडीची चेसिस वाचत असेल तर ती वाचवलीच पाहिजे. आणि वाचवताना जे नवीन घालू ते लपवता कामा नये. बाकी सगळं, म्हणजे रंग, सीट, हूड, हे नंतर. मत पटणार नाही अशांनीही लेख शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

माझ्या रूममेटचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठाला. या तालुक्यात मिलिटरीतून रिटायर झालेली माणसं गावोगाव भेटतात. सैनिक टाकळीचं तर नावच तसं पडलंय. रूममेटचे आजोबाही सैन्यात ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक 'मिल्ट्री डिस्पोजल'ची जीप घेतली. तिच्यावर ऊस तोडणाऱ्यांचा डबा नेला, बाळंतिणी दवाखान्यात नेल्या, मुलांच्या वराती काढल्या. पुढे मुलाने ट्रॅक्टर घेतला आणि जीप शेडमध्ये गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा शेड आठवडाभर पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर घर धुतलं, गोठा धुतला, जीप तशीच राहिली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर. परत तेच.

आजोबांचं वय आता ऐंशीच्या पुढे. त्यांना एकदा ती जीप स्वतः चालवत नृसिंहवाडीला जायचंय. एवढंच. आणि आम्ही दोघं 'इंजिनिअर', त्यामुळे काम आमच्यावर!

आधी गाडी म्हणजे नेमकी काय आहे ते बघितलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. डिझाइन एकच, गाड्या दोन्हीकडच्या. त्यातल्या कितीतरी युद्धामुळे आपल्याकडे आल्या. युद्ध संपल्यावर महिंद्र कंपनीने विलिजशी करार केला आणि मुंबईत माझगावला जीपची जोडणी सुरू झाली. आपण गावोगाव पाहिलेल्या वडापच्या जुन्या जीप याच घराण्यातल्या. युद्धातली जीप आणि नंतरची महिंद्रची छोटी जीप, दोन्हींचा व्हीलबेस ८० इंच. म्हणून एकीचे भाग दुसरीला बसवायची सवय आपल्या मिस्त्रींना पहिल्यापासून आहे.

आमच्या जीपवर ही सवय पुरेपूर दिसत होती. पुढची जाळी बघितली तर सात फटींची. युद्धातल्या जीपला नऊ असतात, म्हणजे जाळी नंतरची. बॉडीचा पत्रा कुठल्यातरी गॅरेजमध्ये ठोकून बनवलेला. इंजिन डिझेल, कधीतरी बदललेलं आणि आरसी बुकात तशी नोंद केलेली. सीट, स्टिअरिंग, मीटर, काहीच मूळचं नाही. आम्ही हिरमुसलो. मग रूममेटने बंपरमागचा चिखल खरवडला आणि खाली वाकून बघितलं, तर पुढचा आडवा मेंबर गोल पाइपचा निघाला. हीच ती खूण! विलिजच्या युद्धकालीन चेसिसला पुढे गोल पाइप असतो. फोर्डच्या चेसिसला त्या जागी उलट्या यू आकाराचा चॅनेल असतो. डाव्या बाजूच्या मेंबरच्या आत नंबराची छोटी पट्टीही रिव्हेट केलेली सापडली.

म्हणजे हिशेब असा झाला, की त्या अख्ख्या गाडीत युद्धातून आलेली वस्तू एकच उरली होती, आणि ती म्हणजे चेसिस.

आता मिस्त्रींचं ऐका. इचलकरंजीतले हे मिस्त्री चाळीस वर्षं गाड्या करतात, त्यांच्या हाताबद्दल मला आदरच आहे. त्यांनी हातोडी घेऊन चेसिस वाजवत एक फेरी मारली. कुठं 'टण्' वाजलं, कुठं 'थप्'. म्हणाले, "ही चेसिस संपली. वडापची एक गाडी तोडायला आलीया, तिची घालू. ह्यातली पट्टी काढायची, तिच्यावर मारायची. धा मिनटाचं काम."

आजोबा लगेच तयार. रूममेटही तयार. मी म्हटलं, "असं नको." तिघांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी जेवणाच्या पंगतीत पान उलटं मांडलं!

आजोबा म्हणाले, "पोरा, मला गाडी चालवायची हाय, म्युझियमात ठेवायची न्हाय. आणि माझी अजून किती वर्सं ऱ्हायली?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मी गप्प बसलो आणि त्या रात्री होस्टेलवर परत आल्यावर रूममेटशी बोललोही नाही. पण विचार करत गेलो तसं 'असं नको' का, याची तीन कारणं मला सापडली.

पहिलं कारण कायद्याचं. आरटीओच्या दृष्टीने गाडीची ओळख म्हणजे चेसिस नंबर. म्हणून तर गाडी विकताना पेन्सिल घासून त्याची प्रिंट घेतात. एका चेसिसचा नंबर दुसरीवर मारणं ही 'ॲडजस्टमेंट' नाही, ती फसवणूक आहे. चोरीच्या गाड्या अशाच जिरवतात. शिवाय २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. आमच्या जीपचं इंजिन बदललेलं असल्याने ती प्लेट आम्हाला मिळणार नाही, हे मी आजोबांना आधीच सांगून टाकलं. पण सरकारने 'मूळ रूप' सांगताना कशाची नावं घेतली ते बघा. टायरचं नाही, रंगाचं नाही. पहिलं नाव चेसिसचं आहे.

दुसरं कारण इंजिनिअरिंगचं. 'संपली' हे हातोडीच्या आवाजावरून ठरवता येतं का? आवाज शंका दाखवतो, निकाल देत नाही. सेकंड इयरला आपण सगळ्यांनी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात चॅनेल सेक्शनची गणितं सोडवली आहेत. वाकण्याचा ताण वरच्या आणि खालच्या फ्लँजवर जास्त येतो, मधल्या उभ्या पट्टीच्या मध्यावर सगळ्यात कमी. म्हणजे तेवढाच गंज मधल्या पट्टीला लागला तर चालून जाईल, पण खालच्या फ्लँजला लागला तर गाडी मधून वाकेल. गंज किती आहे यापेक्षा कुठं आहे हे महत्त्वाचं. आम्ही गणितं सोडवून मार्क घेतले आणि विसरलो. त्या मार्कांचा उपयोग करायची वेळ आली होती, आणि आम्ही भंगारवाल्याला फोन लावायला निघालो होतो!

तिसरं कारण समजावून सांगायला मला जरा त्रास झाला. शेवटी आमच्या गावातलंच उदाहरण कामी आलं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, आणि तेव्हापासून हे गाव माग दुरुस्त करतच जगलंय. जुन्या साध्या मागाचं बघा. धोटा बदलतो, पिकर बदलतो, पट्टे, गिअर, मोटर सगळं बदलतं. पण माग कुठल्या कंपनीचा म्हणून कुणी विचारलं तर जॉबर कशाकडे बोट दाखवतो? बाजूच्या बिडाच्या सांगाड्याकडे, कारण नाव त्याच्यावर ओतलेलं असतं. सांगाडा बदलला तर तो दुसरा माग. जीपचंही तसंच. चेसिस बदलून वर जुनी पट्टी मारली, तर आजोबा नृसिंहवाडीला जातील ते वडापच्या जीपमधून. त्यांना ते कळणारही नाही कदाचित, पण आम्हाला कळेल ना!

दुसऱ्या रविवारी मी परत गेलो आणि एवढंच म्हटलं, "आजोबा, टाकून द्यायच्या आधी एकदा मोजू तरी." सैन्यातल्या माणसाला हे पटलं. मिस्त्री हसले, पण ओळंबा त्यांनीच काढून दिला.

बॉडी उतरवली, चेसिस चार स्टँडवर घेतली. स्प्रिंगचे पाटे जिथं बसतात त्या प्रत्येक भोकातून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या. मग चेसिस बाजूला करून खुणांवर तिरक्या दोऱ्या ताणल्या. पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंत एक, आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत दुसरी. दोन्ही सारख्या भरल्या तर चौकट सरळ. मी याला 'डायगोनल चेक' म्हणत होतो. मिस्त्री म्हणाले, "गुण्यात हाय का बघ." गुण्या म्हणजे गवंडी-सुताराचा काटकोन, हे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला त्या दिवशी कळलं. फरक निघाला ११ मिलिमीटर. मिस्त्री स्वतःच म्हणाले, "आं? एवढ्या वर्सांत एवढाच?"

मग भेगा. कॉलेजात यासाठी डाय पेनिट्रंट वापरतात. गॅरेजमध्ये डिझेल आणि चुना चालतो. पत्रा साफ करायचा, डिझेल लावून मुरू द्यायचं, पुसायचं आणि वर चुन्याचा पातळ हात मारायचा. भेग असेल तिथं डिझेल परत वर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. आम्हाला दोन रेघा मिळाल्या, एक स्टिअरिंग बॉक्सच्या माउंटिंगजवळ आणि एक मागच्या पाट्याच्या हँगरपाशी. रंग मारून हीच गाडी रस्त्यावर काढली असती तर काय झालं असतं, याचा विचार वाचकांनीच करावा.

सगळ्यात जास्त नुकसान पुराने केलं होतं. चॅनेलच्या आत आणि जिथं दोन पत्रे एकावर एक रिव्हेट केलेले आहेत तिथं गाळ जाऊन बसला होता. गाळ ओल धरून ठेवतो, वर हवा मिळतच असते. आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो दोन पत्र्यांच्या मधे फुगून त्यांना पाचर मारल्यासारखा अलग करतो. डाव्या मेंबरची खालची फ्लँज साधारण हातभर लांबीत निम्म्याहून पातळ झाली होती, आणि मागचा आडवा मेंबर खरोखरच गेला होता. बाकी चेसिस ठणठणीत!

म्हणजे 'संपली' म्हणून टाकायला निघालेल्या चेसिसमध्ये बदलायचं होतं ते एक हातभर तुकडा आणि एक आडवा मेंबर.

वेल्डिंग मी करणार होतो. वर्कशॉपमध्ये सरावाचा तुकडा जोडला, व्हाइसमध्ये धरून हातोडा मारला आणि जोड कडकन सुटला. बरं झालं तिथंच सुटला. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातून एका अनुभवी वेल्डरला आणलं आणि आम्ही मदतनीस झालो. त्यांच्याकडून शिकलेल्या चार गोष्टी इथे देतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी जीप असेलच.

एक, भेगेवर नुसता वेल्ड ओढू नये. भेगेच्या टोकाला आधी भोक पाडावं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग घळ करून भरावी. दोन, तुकडा जोडताना उभा सरळ काप घेऊ नये, तिरका घ्यावा, आणि वरून आधाराची पट्टी लावली तर तिची टोकं निमुळती करावीत. चौकोनी पट्टी जिथं संपते तिथंच पुढची भेग सुरू होते. तीन, सगळा जोड एका दमात मारू नये. चेसिस सपाट गर्डरवर बोल्टने आवळून, इकडे थोडा तिकडे थोडा असा मारावा, नाहीतर उष्णतेने चौकट गुण्यातून जाते. चार, जिथं रिव्हेट आहेत तिथं 'मजबुतीसाठी' सगळीकडे वेल्ड मारू नये. ही चेसिस मुद्दामच थोडी पिळता येईल अशी केलेली असते, म्हणून तर खड्ड्यात चारही चाकं जमिनीला टेकतात. तिला ताठ केली तर ती वेल्डच्या कडेला तुटते. रिव्हेट गेलाच असेल तर भोक रीम करून घट्ट बसणारा हाय टेन्साइल बोल्ट टाकावा.

आणि पाचवी गोष्ट आम्ही आमच्या मनाने केली. नव्या तुकड्यावर पंचने साल मारलं. फोटो आणि मापं एका वहीत लिहून ठेवली. उद्या ही जीप कुणाच्याही हातात गेली तरी जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे त्याला कळलं पाहिजे. दुरुस्ती लपवायची कशाला? आजारपणाची फाइल आपण जपून ठेवतो, ती काय लाज वाटते म्हणून?

आता माझ्या मताविरुद्धचे मुद्दे. मी ते मुद्दाम देतोय, कारण त्यात तथ्य आहे.

"यात इनोव्हेशन काय?" असं मला आपल्याच बॅचच्या एकाने विचारलं. काहीच नाही, कबूल! पण तयार प्रोजेक्ट विकत आणून त्याच्यावर स्वतःच्या नावाची पाटी चिकटवण्यात तरी काय इनोव्हेशन असतं? ती पाटी आणि मिस्त्रींची 'धा मिनटाची' पट्टी, मला दोन्ही एकच वाटतात.

"खर्च वाढला." वाढला. भंगारातली चेसिस घेतली असती त्यापेक्षा जास्त पैसे गेले, आणि आमच्या तीन महिन्यांच्या रविवारांचा तर हिशेबच नाही. ज्याचं पोट गाडीवर आहे त्या माणसाला मी हा सल्ला देणार नाही. त्याने चेसिस बदलावी, पण नवीन चेसिस नवीन म्हणून रीतसर नोंदवून.

"मग सरळ म्युझियमला द्या." अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, रणगाड्यांचं कॅव्हलरी टँक म्युझियम आम्ही पाहिलंय. १९९४ मध्ये सुरू झालेलं. रोल्स रॉइसच्या चेसिसवर बांधलेली चिलखती गाडी तिथं उभी आहे, ती प्रत्येकाने एकदा बघावी. पण म्युझियमातल्या गाडीने वजन ओढायचं नसतं. तिचा गंज तसाच थोपवून ठेवला तरी चालतं. आमच्या जीपमध्ये माणसं बसणार आहेत. तिची चेसिस जुनीही हवी आणि भरवशाचीही हवी, आणि हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणं हेच अवघड काम आहे. कोल्हापूरला दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते तेव्हा लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात ते तिची चकाकी बघायला, हे खरं. पण ती दरवर्षी स्वतःच्या चाकांवर येते ती चकाकीच्या खाली कुणीतरी लक्ष घातलेलं असतं म्हणूनच ना!

आणि शेवटचा मुद्दा आजोबांचा. "माझी किती वर्सं ऱ्हायली?" याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. आम्ही दिवाळीपर्यंत गाडी देतो म्हणालो होतो. दिवाळी होऊन गेली. चेसिस पूर्ण झाली, प्रायमर मारला, पाटे आणि ॲक्सल बसले. इंजिन अजून जमिनीवरच आहे. कधी कधी वाटतं, मिस्त्रींचं ऐकलं असतं तर आजोबा एव्हाना वाडीला जाऊन आले असते. माझ्या तत्त्वासाठी मी त्यांचे सहा महिने घेतले, हे मी नाकारत नाही. त्याचं ओझं मला आहे.

पण एक सांगतो. चेसिस पहिल्यांदा चाकांवर उभी राहिली त्या दिवशी आजोबा खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले. पुढच्या गोल पाइपवर हात ठेवून म्हणाले, "ह्यो त्योच हाय न्हवं?" मी म्हटलं, "होय, तोच." हे उत्तर मला खाली मान न घालता देता आलं. दुसऱ्या चेसिसवर पट्टी मारली असती तर काय सांगितलं असतं?

मित्रहो, आपल्यातले बरेच जण नोकरीला लागून नवीन गाड्या डिझाइन करतील, काही जण घरचा कारखाना बघतील. सगळ्यांनी जीप दुरुस्त करावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण पुढच्या वेळी कुणी जुनी गाडी दाखवली तर कलरचं विचारायच्या आधी एकदा खाली वाका, मोबाइलची टॉर्च लावा आणि चेसिस बघा. ओळंबा, खडू आणि दोरी मिळून शंभर रुपयांच्या आत येतं. आणि दिवाळी सुटीनंतरचे आमचे रविवार अजून मोकळे नाहीत, इंजिन उचलायला चार जण लागतात. येणार असाल तर सांगा. चहा-भजी आजोबांच्या घरची!